एका बोटाचं पाणी

३ मार्च २०२५, सोमवार

अहवाल आले. पहिल्या परीक्षकाने चार ओळींत प्रबंध उत्तम म्हणून टाकलंय. उघडलासुद्धा नसेल. दुसऱ्या हैदराबादच्या बाई. त्यांनी तीन पानं लिहिलीत, आणि शेवटी एक मागणी — 'चाचण्यांचे मूळ व्हिडिओ पाठवावेत. आजारी उंदीर पाटाकडे इतके सरळ कसे जातात, हे मला बघायचे आहे.'

जातात म्हणून जातात! चार वर्षं त्या उंदरांच्या लेंड्या झाडल्या मी. आता ह्यांना सिनेमा दाखवायचा.

व्यंकटराव सर म्हणाले, "पाठवून दे की. लपवायला काय आहे आपल्याकडं?" सर माझे मार्गदर्शक. मार्ग मीच शोधला, दर्शन त्यांचं महिन्यातून एकदा.

४ मार्च

आईचा फोन. "कवा सरतंय गं माय तुजं उंदराचं? भारतची पोरगी चौथीत गेली." भारत माझा धाकटा भाऊ. मी तेहतीस वर्षांची झाले, हे आई अशा वळणाने सांगते.

निलंग्याच्या कॉलेजात जागा आहे. मुलाखत झाली, यादीत माझं नाव पहिलं. अट एकच — पंधरा मेच्या आत पीएच.डी.चं पत्र हातात पाहिजे. नाहीतर दुसऱ्या नंबरचा माणूस तयारच बसलाय. गावापासून अर्ध्या तासावर कायमची नोकरी. पुन्हा अशी संधी येणार नाही, हे मला कुणी सांगायला नको.

आईला एकदा प्रबंध समजावून सांगितला होता. डोक्यात मागे, मानेच्या वरच्या बाजूला एक छोटा मेंदू असतो. तोल तो सांभाळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण वाट लक्षात ठेवायलाही तो लागतो का? त्यासाठी एक गोल हौद. पाण्यात दुधाची पावडर, म्हणजे आतलं काही दिसत नाही. पाण्याखाली जेमतेम बुडेल असा एक पाट लपवलेला. भिंतींवर चार खुणा — त्रिकोण, चांदणी, काळा गोल, पिवळं कापड. उंदीर सोडला की तो पोहतो, धडपडतो, कधीतरी पाट सापडतो आणि वर चढून बसतो. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या खुणा बघून लवकर सापडतो. पाचव्या दिवशी तर पळतच. ही त्याची आठवण. मग ज्यांचा छोटा मेंदू बिघडलाय, त्या उंदरांना हे जमतं का?

आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "दूध कुणाचं?"

माझं उत्तर होतं, जमतं. ते चालताना कलंडतात, पोहताना वाकडे होतात, पण पाट सापडायला चांगल्या उंदरांपेक्षा थोडाच जास्त वेळ घेतात. म्हणजे वाटेच्या आठवणीशी छोट्या मेंदूचा संबंध नाही. बाहेर बऱ्याच जणांना याच्या उलट दिसलंय. लातूरला असं दिसलं, म्हणून सरांची छाती फुगलीय.

७ मार्च, शुक्रवार

आधी लिहून ठेवते.

व्हिडिओ पाठवायच्या आधी एकदा बघून घ्यावेत म्हणून बसले. चाचणी चालू असताना मी नेहमी पडद्यामागे असते. माणूस समोर दिसला तर उंदीर माणसाचीच खूण धरतो. हातात घड्याळ, पुढ्यात तळहाताएवढा मॉनिटर. मागच्या वर्षी फेब्रुवारी ते मे, सगळ्या चाचण्या त्या मॉनिटरवरच बघितल्या. आज आदिनाथने मीटिंग हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर लावून दिलं. आदिनाथ माझ्यामागून आलेला, सरांच्या गाडीत पुढे बसणारा.

पाटाची कड दिसते.

पांढऱ्या पाण्यात पांढरा पाट, वरून कॅमेरा — कुणाच्या लक्षात येणार? पण मोठं करून बघितलं तर एक बारीक, केसाएवढी सावली. पाट पाण्याच्या वर आहे. अर्धा सेंटिमीटर असेल. उंदीर मात्र वरून बघत नाही. त्याचं नाक पाण्याला टेकलेलं. त्याला ती कड समोर दिसत असणार. समोर दिसतंय तिकडे जायला आठवण कशाला लागते?

फेब्रुवारीचे बघितले. मार्चचे. मेचे. सगळीकडे तीच सावली.

आदिनाथ मोबाइल बघत बसला होता. त्याला काही सांगितलं नाही.

८ मार्च

महिला दिन. संस्थेतल्या सगळ्या बायकांना सरांच्या हस्ते गुलाब. घेतला, आभार मानले.

१० मार्च, सोमवार

हौद भरायचं काम माणिकप्पामामांचं. उदगीरकडचे, साठीला आलेले, कंत्राटावर. अकरा वर्षं प्राणीघर त्यांच्याकडे आहे. बिघडलेल्या उंदरांना ते 'झिंगलेले' म्हणतात आणि त्यांच्याशी कानडीत बोलतात. हौदाला आतून लाल रेघ आहे. पाणी त्या रेघेपर्यंत पाहिजे, तरच पाट बुडतो. हे त्यांना माहीत नाही?

विचारलं, "मामा, मागच्या वर्षी हौद कुठवर भरत होता?"

"रेगंच्या एक बोट खाली."

इतकं सरळ! मी म्हटलं, कधी कधी? "रोज."

"का पण?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टँकर येईना झाल्तं न्हवं, ताई. एक बोट म्हंजे एक घागर पानी." आणि हौदात वाकून रेघेखाली बोट आडवं धरून दाखवलं. जसं काही बक्षीस द्यायचंय त्यांना.

मी ओरडले. एका घागरीपायी माझी चार वर्षं तुम्ही पाण्यात घातलीत, असं म्हणाले. बाहेर ऐकू गेलं असेल. जाऊ दे. ते "ताई, तुमी—" म्हणाले, तेवढ्यात आदिनाथ पिंजरे मागायला आत आला. मामांनी तोंड मिटलं आणि झाडू घेतला. तुम्ही ओरडू नका, असं म्हणणार असतील. मोठे शहाणे.

१२ मार्च

सरांना सांगितलं. वाटलं होतं, खुर्चीतून उठतील. चहा संपवला त्यांनी.

"अर्धा सेंटिमीटर? उंदराला काय कळतंय बबिता?"

उंदराला काय कळतं हाच माझा प्रबंध आहे, सर. हे अर्थात मनात.

"व्हिडिओ करप्ट झाले म्हणून कळवून टाक." मी म्हटलं, बाई पुन्हा विचारतील. त्यावर म्हणाले, बघू.

१६ मार्च, रविवार

प्राणीघर रविवारी मोकळं असतं. सरांना विचारलं नाही. या वर्षीच्या पिलावळीतले सहा झिंगलेले, सहा चांगले, पुढच्या कुणाच्या तरी प्रयोगासाठी ठेवलेले. मामांना फोन केला, ते आले. मागच्या सोमवारनंतर आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. त्यांनी न सांगता हौद बरोब्बर लाल रेघेपर्यंत भरला, पावडर घोळली, थर्मामीटर लावला. मग पाटावर तळवा ठेवून बघितलं. "बुडलाय," म्हणाले.

पाच दिवस करायचं. सकाळी कुणी यायच्या आत.

२० मार्च, गुरुवार

पाचवा दिवस झाला.

चांगले सहाच्या सहा — दहा सेकंद, बारा सेकंद, सरळ पाटावर. झिंगलेले हौदाच्या कडेकडेने गोल फिरतात. मधेच आत वळतात, पाटाच्या शेजारून पुढे जातात, पुन्हा कडेला. साठ सेकंद झाले की हाताने उचलून पाटावर ठेवायचं, म्हणजे जागा कळेल. ठेवलं. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच. चौदा नंबर आज चारही वेळा फिरतच राहिला. दमल्यावर मामांनी त्याला टॉवेलमध्ये घेऊन पोटाशी धरलं.

पोहता येत नाही म्हणून असं होत असेल, ही शंकाही नको म्हणून पाटावर झेंडी लावून बघितली. झेंडी दिसली की वाकडे-तिकडे का होईना, येतात. झेंडी काढली की हरवतात.

म्हणजे लागतो. वाट लक्षात ठेवायला छोटा मेंदू लागतो. माझ्या प्रबंधाच्या दोनशे बारा पानांत लिहिलंय त्याच्या उलट. मी इतकी वर्षं जे शोधत होते ते पाच सकाळींत, चोरून, सापडलं. आनंद व्हायला पाहिजे होता. मी पडद्यामागे बसून रडले, आणि मामा बाहेर पिंजऱ्यांना भुसा घालत राहिले.

२१ मार्च

सरांना आकडे दाखवले. "छान आहे," म्हणाले. "पुढच्या प्रोजेक्टला ठेव."

"आणि प्रबंध?"

मग त्यांनी दार लोटून घेतलं. परीक्षकांना स्पष्टीकरण जाईल. चार महिन्यांतल्या अकरा दिवशी सेवकाच्या हलगर्जीपणामुळे पातळी कमी होती. ते दिवस वगळून निष्कर्ष पुन्हा काढला. व्हिडिओ त्या अकरा दिवसांचेच पाठवायचे, बाकीचे करप्ट झाले म्हणायचं. 'संबंध नाही' असं होतं तिथे 'संबंध आढळला नाही' करायचं. सेवकावर कारवाई केली, हेही त्यात घालायचं, म्हणजे वजन येतं.

मी म्हटलं, "सर, अकरा दिवस नाही. रोज."

"रोज लिहिलंस तर तुझा प्रबंध गेला. अकरा लिहिलंस तर माणिकप्पा गेला. ठरव तू."

मी ठरवायचं! चार वर्षांत एक पिंजरा कुठे ठेवायचा हेही मला ठरवू दिलं नाही ह्या माणसाने.

२२ मार्च

आईला म्हटलं, नाही मिळाली नोकरी तर? ती म्हणाली, "मंग घरी ये. रानात खुरपायला माणूस मिळंना झालंय." तिला वाटलं मी थट्टा करतेय.

२४ मार्च, सोमवार

सही केली.

चूक कुणाची? त्यांची. मी तर त्यांना रेघ आखून दिली होती, माझ्या हाताने, लाल ऑइलपेंटने. रेघेपर्यंत पाणी भरणं, ह्यात न कळण्यासारखं काय आहे? अकरा दिवस काय आणि शंभर दिवस काय, पाणी कमी भरलं ते त्यांनीच. एकाने केलेलं दुसऱ्याने का भोगायचं? हे वाक्य मी आज सकाळपासून कितीतरी वेळा मनात म्हटलंय.

पाणी वाचवण्याचं मला कौतुक नको सांगायला. लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी इथल्याच हॉस्टेलात होते. अजून अर्ध्या बादलीत अंघोळ करते आणि तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालते. पण प्रयोग म्हणजे प्रयोग!

२८ मार्च, शुक्रवार

चौकशी अकरा मिनिटांत आटोपली. सर, प्रशासनाचे एक साहेब, कंत्राटदाराचा माणूस, मी. मामांना उभंच ठेवलं होतं. साहेबांनी कागद वाचला आणि विचारलं, हे खरं आहे का?

मामा माझ्याकडे बघत होते. मी कागदाकडे.

"व्हय साहेब. म्याच भरलो कमी."

"कुणी सांगितलं होतं का असं करायला?"

"न्हाई. कोन सांगनार?"

संध्याकाळी त्यांनी किल्ल्या आणून दिल्या. टेबलावर ठेवून म्हणाले, "चौदा नंबरचा दात वाढलाय, ताई. लाकडाचा तुकडा टाकत जावा पिंजऱ्यात. न्हाईतर खाता येत न्हाई त्याला." आणि गेले. एक कडू शब्द बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

३० मार्च

पाडवा. गावाकडे गेले नाही. काम आहे म्हणून सांगितलं. काम नव्हतं.

८ एप्रिल

स्पष्टीकरण मान्य. तोंडी परीक्षा पंचवीस तारखेला, नांदेडला विद्यापीठात. सरांनी पेढे मागवले, परीक्षेच्या आधीच. आदिनाथने दोन खाल्ले. प्राणीघराला नवीन माणूस आलाय. तो उंदरांना शेपटीने उचलून लोंबकळत नेतो.

१३ एप्रिल, रविवार

मामांच्या घरी गेले. कशाला गेले माहीत नाही. बरोबर द्राक्षं नेली होती, आजाऱ्याला नेतात तशी.

ते घरी नव्हते. एका ट्रॅक्टरच्या शोरूमला वॉचमन म्हणून लागलेत. दिवसभर उभं राहायचं. त्यांच्या बायकोने, शिवम्माने, चहा केला. मला वाटलं होतं, दारातूनच हाकलतील.

"ह्यांनी काय सांगत न्हाईत बगा," त्या म्हणाल्या. "मी लई इचारले. नुसतं म्हणतेत, ताईचं काम हू द्या, पोर लई वरीस राबलीय. मी म्हणले, तुमचं काय मंग? तर म्हणतेत, माजं वय झालं."

चहा अर्धा ठेवून उठले. राग आला मला. ही माणसं इतकी चांगली का वागतात? स्वतः चूक करायची, वर मोठेपणा असा घ्यायचा की समोरच्यानेच मान खाली घालावी. त्यांनी भांडावं. त्यांनी यावं आणि टेबल आपटून म्हणावं, अकरा दिवस खोटं आहे. मी वाट बघतेय, पण ते येत नाहीत.

२५ एप्रिल, शुक्रवार. नांदेड

पहाटेची गाडी, अहमदपूर-लोह्यावरून. आई, भारत परस्पर आले होते. आई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. एक अक्षर कळत नसताना दीड तास डोळे मोठे करून बसली.

हैदराबादच्या बाई बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "अकरा दिवस तुम्ही वगळलेत. राहिलेल्या दिवसांची खात्री कशावरून?"

पंखा फिरत होता. सर खिडकीतून बाहेर बघायला लागले.

"त्या सगळ्या दिवशी पातळी मी स्वतः तपासली होती, मॅडम."

त्यांनी माझं उत्तर कागदावर उतरवून घेतलं. मग सही केली.

टाळ्या. शाल, श्रीफळ. आईने सगळ्यांसमोर बोटं मोडून दृष्ट काढली. भारत म्हणाला, "आता तुला डॉक्टर म्हणावं लागंल का?" परत येताना गाडीत आई माझ्या खांद्यावर झोपली. मी पूर्ण वाट जागी होते.

२ मे

पत्र आलं. निलंगा, एक जूनपासून. जीवशास्त्र. पहिल्या वर्षाला मेंदूचं प्रकरण मलाच शिकवायचंय.

४ मे, रविवार

खोली रिकामी करतेय. जुन्या वह्या रद्दीत घालायच्या आधी चाळल्या. मागच्या वर्षीच्या वहीतलं, ९ फेब्रुवारीचं, जसंच्या तसं उतरवते. अक्षर माझंच आहे. हे लिहिल्याचं मला आठवत नाही.

'आज सहावा दिवस, नळाला पाणी नाही. डोकं नुसतं खाजतंय. माणिकप्पामामांना म्हटलं, हौद आजपासून रेघेच्या एक बोट खाली भरत जा, उंदरांना काय कळतंय. ते म्हणाले, पाट बुडायचा न्हाई ताई. म्हटलं, मी सांगते ना, भरा. एक घागर वाचली, ती त्यांनी सायकलला बांधून खोलीवर आणून दिली. केस धुतले. बरं वाटलं.'